आतून रंगवलेलं नक्षीचं भांडं: नवख्यांसाठी, माती मळण्यापासून भट्टी उघडेपर्यंत

नक्षीचं भांडं करायचं म्हटलं की नवीन माणूस सगळा विचार बाहेरच्या बाजूचा करतो. कान कसे असतील, फुलं कुठे चिकटवायची, काठाला काय. आणि आत? आत शेवटी पांढरं ग्लेझ, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, ओतायचं आणि मोकळं व्हायचं. मी पण पहिली चार वर्षं हेच केलं. पण बघा, हातात भांडं घेतलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या सेकंदाला आत डोकावतोच, आणि तिथे काहीतरी सापडलं की त्याचा चेहरा बदलतो. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगते, भांड्याचं आतलं आधी ठरवायचं, मग बाहेरचं. आकार, काठाची रुंदी, वाळवणं, ग्लेझ, सगळं त्यावरून ठरतं.

खाली जे लिहिलंय ते टेराकोटा मातीसाठी, म्हणजे कमी तापमानाच्या कामासाठी आहे. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायचं काम, नंतर करा, त्यात खर्चही जास्त आणि रंगही कमी मिळतात.

आधी बघून या

मुंबईत किंवा जवळपास राहत असाल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघाच. १८७२ साली उघडलेलं, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ ला आत्ताचं नाव मिळालं, आणि मोठी डागडुजी होऊन २००८ ला परत उघडलं. मी ते दोन कारणांसाठी सांगते. एक म्हणजे ती इमारतच आतून रंगवलेली आहे, छत, खांब, कमानी, सोनेरी काम, आणि बाहेरून बघितलं तर आत एवढं असेल असं वाटत नाही. आपल्याला भांड्यात नेमकं हेच साधायचंय. दुसरं म्हणजे तिथे बॉम्बे स्कूलची पॉटरी आहे. जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे त्या वेळचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात तिथे ग्लेझच्या भांड्यांचं काम सुरू केलं, त्यात सिंधमधल्या काशी कामाची, म्हणजे निळ्या-फिरोजी ग्लेझच्या कामाची, पद्धत होती, आणि पुढे नक्षी अजिंठ्यावरून घेतली गेली, कारण त्याच काळात जे.जे.चेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन चित्रांच्या नकला करत होते, १८७२ ते १८८५ असं ते काम चाललं. त्यातल्या कितीतरी नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. कॅनव्हास गेले, पण त्या नक्षीच्या फुलदाण्या आजही काचेच्या कपाटात उभ्या आहेत. मला हे दरवेळी आठवतं आणि दरवेळी आपल्या माध्यमाबद्दल फार प्रेम वाटतं.

अजिंठ्याला गेलात तर लेणी क्रमांक १ आणि २ मध्ये मान वर करून छत बघा. सगळे लोक भिंतीवरचा पद्मपाणी बघतात आणि पुढे जातात. छत मात्र चौकटी चौकटीत भरलेलं, कमळं, वेली, हंस, फळं. छत आणि वाडग्याची आतली बाजू यांचा प्रश्न एकच असतो, मधे काय ठेवायचं आणि कडेला जाता जाता ते कसं वाढवायचं. वहीत चार मोटिफ काढून आणा, जास्त नकोत.

पहिलं भांडं कोणतं

उंच सुरई नको. मला माहितीये सगळ्यांना तीच करायची असते. पण सुरईच्या तोंडातून हात आत जात नाही आणि हात गेला नाही तर ब्रश जात नाही. पहिलं भांडं म्हणजे पायावर उभा असलेला खोल वाडगा, तोंड रुंद, साधारण १८ सेंटिमीटर, खोली ९ ते १०, बाहेरून नक्षी, दोन छोटे कान, आतून पूर्ण चित्र. मूठ करून हात आत घाला आणि मनगट मोकळं फिरतंय का बघा, हीच चाचणी.

माती वाळताना आणि भाजताना आकसते, हे कागदावर माहीत असतं पण मोजताना लोक विसरतात. तुमच्या मातीची एक पट्टी करा, त्यावर सुईने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा, भाजून झाल्यावर मोजा. ९.१ आली तर ९ टक्के आकसली. मग तयार भांडं १६ सेंटिमीटरचं हवं असेल तर १६ भागिले ०.९१, म्हणजे १७.६ सेंटिमीटरचं ओलं भांडं करायचं. ही पट्टी जपून ठेवा, माती बदलली की नवीन पट्टी.

माती कुठून आणायची? तुमच्या गावातल्या कुंभाराकडून आणलेली चालते, धारावीच्या कुंभारवाड्यात मिळते, ऑनलाइन तयार पिशव्या मिळतात. कुंभाराकडून घेतलीत तर त्यालाच विचारा की ही जास्तीत जास्त किती भाजता येते. बरीच गावठी माती ११०० अंशाच्या आसपास फुगते किंवा बसते, आणि आपल्याला १०५० च्या आसपास जायचंय, म्हणजे फार जागा शिल्लक नाही. पहिल्यांदा एक तुकडा तुटक्या टाइलवर ठेवून भाजून बघा. माझा सल्ला असा की पहिली दोन भांडी तयार मातीची करा आणि मग गावच्या मातीकडे या, कारण सुरुवातीला चूक तुमच्या हाताची का मातीची हेच कळत नाही.

उभारणी

मळणं नीट करा, कणकेसारखं नाही, पुढे ढकलत आणि परत आपल्याकडे घेत, साठ सत्तर वेळा. तारेने कापून बघा, कापलेल्या भागात भोकं दिसली तर अजून मळा.

चाक येत असेल तर चाकावर करा, नसेल तर कॉइल. कॉइलने केलेलं भांडं कमी दर्जाचं असतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. करंगळीएवढ्या जाड वळ्या करायच्या, एकावर एक ठेवायच्या, आणि आतून बाहेरून बोटाने एकमेकीत पुसून घ्यायच्या. आतली बाजू बाहेरच्या इतकीच, खरं तर जास्त काळजीने पुसा, कारण तिथे चित्र येणार आहे आणि वळ्यांमधली खाच ब्रशला लगेच अडते. दिवसाला तीन चार वळ्या, मग काठाला ओला कपडा आणि वरून प्लॅस्टिक. घाईने सगळं एका बैठकीत उभारलं तर खालचा भाग वजनाने बसतो. भिंत ७ ते ८ मिलिमीटर.

थोडं घट्ट झालं की बाहेरून लाकडी थापीने हलकं थापटायचं आणि आतून नदीचा गुळगुळीत गोटा धरायचा. कुंभार वर्षानुवर्षं हेच करत आलेत. मग जुन्या सीडीचा अर्धा तुकडा, कडा घासून घेतलेला, आतून गोल गोल फिरवा, फार सुंदर वळण येतं आणि आतली बाजू घोटल्यासारखी होते.

तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे आतून कोपरा ठेवू नका. गोलाई हवी. कोपऱ्यात ग्लेझ साचतं आणि रंग तिथे दुधाळ दिसतो, ब्रशही तिथे नीट फिरत नाही.

बाहेरची नक्षी

इथे घरातल्याच वस्तू कामाला येतात. दिवाळीच्या करंज्यांचं कातणं घ्या, मातीची पातळ पट्टी लाटून तिची कड कातण्याने कापा, काठाला लावायला झालर तयार. मोदकाचा साचा घ्या, आत थोडं कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा, माती दाबा, वरचा भाग तारेने सपाट करा आणि मातीचाच छोटा गोळा चिकटवून अलगद वर ओढा, पाकळ्यांचं फूल हातात येतं. कापडावर छापायचे लाकडी ठसेही चालतात. हे सगळं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही, मातीच्या कामाचा सेट वेगळा ठेवा.

मेंदीचा कोन तर मला वाटतं आपल्याकडच्या माणसाला मिळालेली देणगी आहे. स्लिप म्हणजे पाण्यात कालवलेली माती, ती श्रीखंडाइतकी घट्ट करायची, जुन्या मलमलच्या कपड्यातून गाळायची म्हणजे खडा अडकत नाही, कोनात भरायची आणि उठावाची वेल काढायची. ज्यांनी लग्नात दोन हात मेंदी काढलीये त्यांना हे शिकवावं लागत नाही, माझ्या वर्गात आलेल्या एका काकूंनी पहिल्याच दिवशी अशी कोयरी काढली की मी स्वतः वहीत उतरवून घेतली. भांडं लेदर हार्ड असताना करायचं, म्हणजे नखाने खूण उमटते पण बोटाने दाबलं तर आकार बदलत नाही, त्या अवस्थेत. त्यापेक्षा कोरडं झालं तर वेल नंतर पापुद्र्यासारखी सुटते.

चिकटवायचं काहीही असो, कान, फूल, झालर, दोन्ही बाजूंना ओरखडे काढा, स्लिप लावा, दाबा, आणि दोन्हींचा ओलावा सारखा असू द्या. ओला कान आणि सुकं भांडं, सांधा तडकणारच. जाड फुलं मागून कोरून पोकळ करा, १ सेंटिमीटरपेक्षा जाड काहीही ठेवू नका.

एक सांगू का, नक्षी दाटीवाटीने भरायचा मोह होतो. थोडी मोकळी जागा राहू द्या. आतलं चित्र बघायच्या आधी डोळ्याला थांबायला जागा हवी.

आतलं चित्र

आता खरं काम. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण याबद्दल मला स्वतःला कोणी नीट सांगितलं नव्हतं आणि बरीच भांडी वाया गेली.

आधी पांढरा थर. लाल मातीवर निळा किंवा हिरवा मळकट दिसतो म्हणून आत पांढरी स्लिप द्यायची. सुरुवातीसाठी बॉल क्ले (चिकट, भाजल्यावर पांढुरकी माती) ५०, चायना क्ले (पांढरी केओलिन माती) २५, क्वार्ट्झ १५, लेड-फ्री पारदर्शक फ्रिट (वितळवून दळलेल्या काचेची पूड) १० असं वजनाने घ्या, ८० नंबरच्या जाळीतून गाळा. तुमच्या मातीवर बसते का ते आधी छोट्या वाटीवर बघा, भाजल्यावर सोललं तर बॉल क्ले थोडा वाढवा. ओतायची, भांडं फिरवायचं, लगेच बाहेर काढायची. आणि हे लक्षात ठेवा, स्लिपमधलं पाणी भिंतीत मुरतं आणि भिंत परत मऊ होते. आत आणि बाहेर एकाच दिवशी स्लिप दिली तर भांडं डोळ्यादेखत बसतं. आज आत, उद्या बाहेर.

स्लिपची ओली चमक गेली की आखणी. कागदावर काढलेलं गोल चित्र वाडग्यात बसत नाही, चुण्या पडतात. म्हणून वाडगा संत्र्याच्या फोडींसारखा बघायचा. काठाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, नेमकी कापा, मग तीन वेळा दुमडा, आठ भाग झाले. ती परत काठावर लावून खुणा करा. तळाच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक खुणेपर्यंत पातळ रेघ मारा, खाण्याचा रंग पाण्यात मिसळून, तो भट्टीत जळून जातो. आता वर्तमानपत्राचा एक तुकडा एका फोडीत नीट बसेल असा कापा. तो खाली निमुळता आणि वर रुंद येईल. त्यावर तुमचा मोटिफ काढा, रेघेवर दोन दोन मिलिमीटरवर सुईने टोचा, कोळशाची बारीक पूड कापसाच्या पुरचुंडीत बांधून त्यावर थापटा. हाच खाका. भिंतीवर चित्र काढणारे कारागीर शेकडो वर्षं हे करत आलेत. एक खाका आठ वेळा फिरवला की आखणी पूर्ण.

रांगोळी काढणाऱ्यांना मधून बाहेर जायची सवय असतेच, ती इथे कामाला येते. मात्र रांगोळी सपाट असते आणि वाडग्याची भिंत वर चढते, त्यामुळे तळाशी काढलेली पाकळी वरून बघताना रुंद दिसते आणि भिंतीवरची आखूड. भिंतीवरच्या आकृत्या थोड्या उंच काढा. अजिंठ्याच्या छतावरून घेतलेली हंसांची रांग करायची असेल तर ती वरच्या तिसऱ्या भागात ठेवा. तिथे १७ सेंटिमीटर व्यास असेल तर घेर ५३ च्या आसपास येतो, म्हणजे १२ हंस साडेचार सेंटिमीटरला एक असे आरामात बसतात. या रांगेला आठ नाही, बारा भाग लागतात, म्हणून आधी मोजा, नाहीतर शेवटचा हंस अर्धाच राहतो आणि तेवढाच दिसत राहतो. मधे कमळ, मधला पट्टा शक्यतो रिकामा पांढरा, मग हंस, मग काठाला एक साधी रेघ. पहिल्या भांड्याला एवढं पुष्कळ आहे.

रंगवायचा क्रम: तळ, मग भिंत, शेवटी काठ. कारण हात काठावर टेकवूनच आत जावं लागतं. भांडं टर्नटेबलवर, कोपर टेबलावर टेकलेलं, आणि ब्रश फिरवण्यापेक्षा भांडं फिरवायचं. लांब केसांचा लायनर, म्हणजे रेघा काढायचा ब्रश, घ्या, तो रंग धरून ठेवतो, आखूड केसांचा ब्रश अर्ध्या रेघेत कोरडा पडतो. दिवा वरून नको, बाजूने, नाहीतर तुमच्याच हाताची सावली चित्रावर.

रंग तयार अंडरग्लेझचे, म्हणजे ग्लेझच्या खाली द्यायचे, घ्या. पुढे स्वतः करायचे झाले तर स्टेन (भट्टीत टिकणाऱ्या रंगाची तयार पूड) ८५, फ्रिट १५, आणि डिंकाचं पातळ पाणी, म्हणजे रंग पुसला जात नाही. ऑक्साइड वापरणार असाल तर एक सवय लावा, डबीवर भाजल्यानंतरचा रंग लिहा. कोबाल्ट कार्बोनेट कच्चं असताना जांभळट गुलाबी दिसतं आणि भट्टीतून गडद निळं येतं, आणि ते इतकं जोरकस असतं की चिमूटभर जास्त झालं तर सगळं शाईसारखं होतं. तांबं नेहमीच्या ग्लेझखाली हिरवं आणि अल्कलाइन (सोडा-पोटॅश जास्त असलेल्या) ग्लेझखाली फिरोजी, सिंध आणि मुलतानच्या काशी कामातली ती सुप्रसिद्ध छटा तीच. लोखंडाचा तपकिरी. रेघेसाठी गडद आणि भरण्यासाठी दोन रंग, पहिल्या भांड्याला तीनच.

टेस्ट टाइलवर रंग तपासतात सगळे, पण आपलं चित्र खोलगट भागात आहे आणि तिथे ग्लेझ साचतं, म्हणून मी टाइल करतच नाही, अंगठ्याने दाबून छोट्या वाट्या करते. टेस्ट वाटी. एका वाटीत तीन रंगांच्या तीन रेघा.

मास्क लावा, एन ९५. कोरड्या मातीची आणि क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. खोली झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. रंग हाताळताना खाणंपिणं नको, मँगनीज आणि क्रोमसारख्या गोष्टींशी खेळ नको. घरात लहान मूल असेल तर रंगांचं कपाट कुलपात.

वाळवणं

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका सामायिक भट्टीत माझी फुलदाणी फुटली. बाहेरून पांढुरकी, खडखडीत वाळलेली, मी हात लावून बघितलं होतं. आत तळाशी ओल होती. पहिल्याच भाजणीत वाफ झाली आणि तळ उडाला, तुकडे दुसऱ्या चौघांच्या भांड्यांवर आदळले, एका मुलीचं कॉलेजच्या सबमिशनचं काम त्यात गेलं. ते मला अजून लागतं. लोक म्हणतात हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं फुटतं, पण फोडते ती पाण्याची वाफ, आणि आतली बाजू नेहमी उशिरा वाळते कारण तिथे वारा पोचत नाही.

तेव्हापासून हे करते. पहिले तीन दिवस प्लॅस्टिकखाली, कानांवर जास्तीचं प्लॅस्टिक कारण पातळ भाग आधी वाळून ओढ बसते. मग प्लॅस्टिक सैल. मग जाळीवर उपडं, म्हणजे तळाला खालून वारा. आणि शेवटी तळ गालाला लावून बघायचा. गार लागला तर ओला आहे, कितीही पांढरा दिसो. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, याला तीन आठवडे सुद्धा लागतात. लागू द्या.

भट्टी

स्वतःची भट्टी घ्यायची घाई नको. बऱ्याच स्टुडिओंमध्ये शेल्फच्या हिशोबाने दुसऱ्याचं काम भाजून देतात, आधी विचारा की ते बिस्क, म्हणजे ग्लेझच्या आधीची भाजणी, किती अंशाला करतात आणि ग्लेझची किती, कारण तुमची माती त्यात बसायला हवी. तुम्ही स्वतः प्रोग्रॅम लावणार असाल तर पहिल्या भाजणीसाठी, म्हणजे बिस्कसाठी, मी असं करते: तासाला ६० अंशाने ९० पर्यंत आणि तिथे तीन तास थांबायचं, म्हणजे उरलेलं पाणी उकळी न येता निघून जातं. मग तासाला १०० अंशाने ६०० पर्यंत. ५७३ अंशाला क्वार्ट्झचा आकार अचानक बदलतो आणि घाईत तडा जातो, तापवतानाही आणि गार करतानाही, म्हणून तिथे हळू. पुढे तासाला १५० ने ९८० पर्यंत. बंद. १०० अंशाच्या खाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. फटीतून डोकावायचंही नाही.

ग्लेझ, आधी आतून

बिस्क झालेलं भांडं ओल्या स्पंजने पुसा, धूळ राहिली की ग्लेझ गोळा होऊन मागे सरतं. चित्राचे रंग आता पक्के झालेत, पुसले जाणार नाहीत, कुठे फिकट वाटलं तर इथे परत एक हात देता येतो आणि बिस्कवर साध्या पेन्सिलने खूण पण करता येते, तीही जळून जाते.

पारदर्शक लेड-फ्री ग्लेझ, १०४० ते १०६० चं. ताकाइतकं पातळ करा. घट्ट ताक नाही, जेवताना प्यायचं पातळ ताक. एक तृतीयांश भरा, गोल फिरवा, मनात पाच मोजा आणि ओतून टाका, मग भांडं उपडं धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. तळाशी थेंब साचला तर कोरड्या ब्रशने टिपा. हे टिपणं कधीही सोडू नका, जाड ग्लेझखाली तळाचं कमळ धुक्यात गेल्यासारखं दिसतं आणि कोबाल्टची रेघ वाहते. सुईने ओरखडा मारून बघा, थर नखाच्या जाडीपेक्षा जास्त नको.

बाहेरचं ग्लेझ दुसऱ्या दिवशी. आतलं पाणी भिंतीने प्यायलेलं असतं, त्याच दिवशी बाहेर लावलं तर बसत नाही, खाली ओघळतं. बाहेर उठावाच्या नक्षीवर थोडं रंगीत पारदर्शक ग्लेझ फार छान दिसतं, खोलगट भागात साचून गडद आणि उंचवट्यावर पातळ, मेंदीच्या कोनाने काढलेली वेल तेव्हा जिवंत होते. पायाला वितळलेलं मेण लावा आणि खालचे ४ मिलिमीटर स्पंजने स्वच्छ करा, नाहीतर भांडं शेल्फला चिकटतं आणि शेल्फ दुसऱ्याचं असतं. दुसऱ्या भाजणीत फार हळू जायची गरज नाही, पण खाली तुटक्या टाइलचा तुकडा ठेवाच.

बाहेर आल्यावर ग्लेझवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय, ग्लेझमध्ये थोडं क्वार्ट्झ वाढवून बघा. टाचणीएवढी भोकं दिसली तर बिस्क थोडं जास्त तापमानाला करा. चित्र पुसट झालं तर थर जाड झाला होता. वहीत लिहा, भांड्याच्या तळाशी नंबर कोरा आणि वहीत तोच नंबर.

तांब्याचे रंग किंवा भेगा असतील तर ते भांडं शोभेचंच, त्यात लोणचं, चिंच, दही काही नाही. तळाशी तसं लिहून ठेवा, कारण भांडं तुमच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जातं आणि तुमचं सांगणं त्याच्याबरोबर जात नाही.

आणि सुरई?

तीन चार वाडगे झाले की करा. युक्ती अशी की ती दोन अर्ध्या भागांत करायची. खालचा अर्धा म्हणजे एक वाडगाच, वरचा अर्धा म्हणजे तोंडाशी निमुळता उलटा वाडगा. दोन्ही लेदर हार्ड असताना आतून स्लिप आणि चित्र पूर्ण करायचं, जोडायच्या कडेला बोटभर जागा कोरी सोडायची, मग ओरखडे, स्लिप, आणि एकावर एक ठेवून बाहेरून सांधा पुसायचा. आतून सांधा दाबायला लांब काठीला स्पंज बांधा. कोऱ्या सोडलेल्या जागेत चित्र येणार नाही, ते आधीच डिझाइनमध्ये धरा, एक पट्टा म्हणून. तोंडातून जेवढं दिसेल तेवढंच, तळाचं एक कमळ आणि मानेच्या आतली वेल, बाकीचं कोणी कधी बघणार नाही. मी तरी पूर्ण रंगवते.

भांडं घरात कुठे ठेवायचं यावर पण थोडं. उंच कपाटावर ठेवलं तर आतलं चित्र छतालाच दिसेल. कमरेच्या उंचीचं टेबल, खिडकीच्या बाजूला, सकाळचं ऊन तिरकं आत पडेल असं. फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा छोटा पेला ठेवून त्यात पाणी घाला, टेराकोटा पाणी झिरपते आणि टेबलावर गोल डाग पडतो. आणि आठवड्यातून एकदा आतली धूळ मऊ ब्रशने झटका.